‘खोली खाली कर’ म्हटल्यानं भाडेपट्टा संपत नाही

(दिल्लीत शिकणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘भाडेपट्टा कायद्यानं कसा संपतो’ असं सांगितलं. पलीकडे थोडी शांतता पसरली. ‘मॅडम, मुलांना संविधानावर ऐकायचं होतं,’ असं ते म्हणाले. मी म्हटलं, संविधानावर बोलणारे पुष्कळ आहेत. या खोलीत बसलेल्यांपैकी किती जणांना गेल्या दोन वर्षांत अचानक खोली सोडावी लागली, ते आधी विचारा. आत्ता तुम्ही हात वर केलेत, मी मोजले. निम्म्याहून जास्त आहेत.

माझा हातही त्यात धरा. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात हमाल होते. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. २०११ साली कायदा शिकायला दिल्लीत आले, तेव्हा उत्तर दिल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोघींनी मिळून एक खोली घेतली. भाडं साडेपाच हजार आणि तेवढंच डिपॉझिट. कागद काही नाही. घरमालकीण तशी मायाळू होती, संक्रांतीला आम्ही दिलेले तिळाचे लाडू तिनं कौतुकानं खाल्ले. १४ एप्रिलला आम्ही भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि दोन मेणबत्त्या लावल्या. संध्याकाळी तिची सून पाण्याच्या टाकीचं निमित्त करून वर आली, फोटो बघितला, काही न बोलता खाली गेली. पाच दिवसांनी निरोप आला: भावाचा मुलगा येणार आहे, परवापर्यंत खोली खाली करा.

आम्ही केली. एक शब्द बोललो नाही. ज्याचं घर त्याचा शब्द, एवढंच आम्हाला माहीत होतं. गावात तेच पाहिलं होतं. डिपॉझिट रंगकामात गेलं असं तिनं सांगितलं, तेही ऐकून घेतलं. माझी मैत्रीण ‘दुसरी खोली मिळेपर्यंत जाऊन येते’ म्हणून गावी गेली. त्याच उन्हाळ्यात घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं. ती परत आली नाही.

पुढच्या सहामाहीत वर्गात मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ शिकायला आला. कलम १०६ वाचलं. महिन्याच्या भाड्यानं राहणाऱ्याला उठवायचं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. आम्हाला दोन दिवस मिळाले होते. तेरा दिवस आमचे हक्काचे होते आणि ते आम्ही फुकट देऊन टाकले होते. तेरा दिवसांत दुसरी खोली मिळाली असती की नाही, मी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी वर्गात माझं लक्ष पुढच्या कलमांकडे गेलं नाही, हे खरं.

म्हणून आज हा विषय.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका: कागद नाही म्हणजे हक्क नाही. कलम १०७ सांगतं की वर्षाहून जास्त मुदतीचा किंवा सालोसालचा पट्टा असेल तर तो नोंदणीकृत दस्तानंच करावा लागतो. त्याहून कमी मुदतीचा पट्टा तोंडी ठरवून, ताबा देऊनही होतो. किल्ली हातात दिली, भाडं ठरलं, घेतलं, की तुम्ही भाडेकरू झालात. अकरा महिन्यांचा करार सगळीकडे का दिसतो, याचं उत्तरही इथंच आहे. नोंदणीची कटकट आणि खर्च टाळायचा म्हणून बारावा महिना कापून टाकलेला असतो.

दुसरी गोष्ट दिल्लीची. दिल्लीत १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्यात घरमालकाला भाडेकरूला उठवायचं तर कारण सांगावं लागतं आणि ते सिद्धही करावं लागतं. हे ऐकून खूश होऊ नका. महिना साडेतीन हजारांच्या वर भाडं असलेल्या जागेला तो कायदा लागूच होत नाही. ही सूट १९८८ च्या दुरुस्तीनं आली आणि आकडा अजून तोच आहे. आज तुमच्यापैकी कोणाची खोली साडेतीन हजारात आहे? बघा, हसताय. म्हणजे आपल्यावर चालतो तो १८८२ चा जुना कायदा. जुन्या चाळीत, जुन्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना संरक्षण आहे. काल गावाहून बॅग घेऊन आलेल्याला नाही.

आता कलम १११. पट्टा कोणकोणत्या रीतीनं संपतो ते या एका कलमात आहे, क पासून सुरू होणारी आठ पोटकलमं. आठही सारखी महत्त्वाची नाहीत, त्यामुळे मी काहींवरून भरभर जाणार आहे.

मुदत संपली की पट्टा संपतो. अकरा महिने ठरले, अकरा झाले, संपला. यासाठी वेगळी नोटीस लागत नाही. पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही: मुदत अकरा महिन्यांची असेल तर घरमालकही पाचव्या महिन्यात ‘निघा’ म्हणू शकत नाही, करारात तशी अट असल्याशिवाय. म्हणून सही करण्याआधी ती अट शोधा. बहुतेक छापील करारांत ‘दोन्ही पक्षांना एक महिन्याची नोटीस’ असं असतं, ते चालेल. काही करारांत घरमालकाला एक महिना पुरतो आणि भाडेकरूला मात्र सहा महिने हलता येत नाही, त्याला ते ‘लॉक-इन’ म्हणतात. ती अट तिथल्या तिथं खोडून घ्यायला सांगा. खोडली नाही आणि मध्येच जावं लागलं, तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्याला वाजवी भरपाईच मागता येते. कागदावर लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे.

आणि मुदत संपल्यावरही तुम्ही राहिलात, त्यानं संमतीनं भाडं घेतलं, तर? कलम ११६. पट्टा पुढे चालू राहतो, महिन्या-महिन्याचा होतो. या खोलीतल्या अर्ध्या लोकांची अवस्था हीच असणार. करार केव्हाच संपलाय, नवा कोणी केला नाही, भाडं मात्र दर पाच तारखेला जातंय. घाबरू नका, तुम्ही घुसखोर नाही. पंधरा दिवसांच्या नोटिशीचे भाडेकरू आहात.

एखादी घटना घडली की संपेल असं ठरलेला पट्टा ती घटना घडल्यावर संपतो. ‘तू या कॉलेजात आहेस तोवर’ असं ठरलं असेल तर कॉलेज संपल्यावर. भाडेकरूनंच ते घर विकत घेतलं तर दोन्ही हक्क एकाच हाती येऊन पट्टा विरघळतो. ते भाग्य तुमच्या वाट्याला येवो, पुढं जाऊ.

तिसरं पोटकलम मात्र आपल्या कामाचं आहे. घरमालकाचाच त्या जागेवरचा हक्क संपला तर तुमचाही संपतो. वाटतं तितकं हे दूरचं नाही. तुम्ही ज्याला ‘पीजीवाले भैया’ म्हणता तो बहुतेक वेळा इमारतीचा मालक नसतो. त्यानं मजला मालकाकडून भाड्यानं घेतलेला असतो आणि प्लायवूडच्या भिंती घालून चौदा जणांना दिलेला असतो. तो मूळ भाडेकरू, तुम्ही पोटभाडेकरू. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे विदर्भातला एक मुलगा रात्री साडेदहाला आला. पीजीवाल्यानं चार महिने मालकाला भाडं दिलं नव्हतं, मालकानं सरळ जिन्याच्या दाराला कुलूप ठोकलं. चौदा पोरांची पुस्तकं, नोट्स, प्रवेशपत्रं आत. पूर्वपरीक्षा नऊ दिवसांवर. चौकीत सांगितलं, ‘हा दिवाणी मामला आहे.’

अशा वेळी कलम ११५ वाचायचं. पीजीवाल्यानं मालकाशी संगनमत करून आपला पट्टा ‘परत दिला’, तर त्यानं पोटभाडेकरूचा हक्क बुडत नाही. मालकाला तुमच्याशी थेट व्यवहार करावा लागतो. पण अटी मोडल्यामुळे त्याचा पट्टा रद्द झाला तर मात्र तुमचाही जातो. म्हणजे पीजीवाल्याचं पाप तुमच्या माथी. हा न्याय आहे का? मला नाही वाटत. कायदा तसा आहे, एवढं खरं. पण पट्टा गेला म्हणून कुलूप ठोकण्याचा अधिकार आला, असं मात्र होत नाही, त्याकडे मी शेवटी येते. त्या मुलांच्या बाबतीत आम्ही रात्री जिन्याचे, कुलपाचे फोटो काढले, चौदा जणांची सामानाची यादी लिहून सह्या घेतल्या, सकाळी मालकाला नोटीस हातात दिली आणि दुपारी कोर्टात जाणार असं सांगितलं. संध्याकाळी कुलूप निघालं. डिपॉझिटचं म्हणाल तर पीजीवाला गायब झाला तो झालाच. चौदापैकी एकालाही पैसा मिळाला नाही.

इथंच एक उलटं उदाहरणही ध्यानात ठेवा. मालकानं घर विकलं तर पट्टा संपत नाही. कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येतो, तुमच्या अटींसह. ‘घर विकलंय, उद्या निघा’ हे वाक्य दिल्लीत फार चालतं. त्याला कायद्यात आधार नाही.

मग येतं सोडून देणं. तुम्ही स्वतः किल्ली परत केलीत, त्यानं घेतली, पट्टा संपला. ही झाली उघड माघार. दुसरी असते न बोलता झालेली, वागण्यावरून दिसणारी. तुम्ही जुन्या पट्ट्याच्या मुदतीतच त्याच जागेचा नवा पट्टा घेतलात, तर जुना संपला असं धरतात. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी हे विशेष ऐका. दिवाळीला दीड महिना गावी गेलात, भाडं दिलं नाही, फोन उचलला नाही, तर ‘पोरं सोडून गेली’ असं म्हणायला तो मोकळा. त्याचं म्हणणं टिकेलच असं नाही, पण आल्यावर खोलीत दुसरा कोणी असतो आणि भांडण तुमच्या गळ्यात. जाताना एक ओळ लिहून पाठवा: अमक्या तारखेला जातोय, तमक्याला येतोय, सामान आत आहे. भाडं खात्यावरून भरा, रोख नको. आणि खरंच सोडताना रिकाम्या खोलीचे फोटो, विजेच्या मीटरचा आकडा, किल्ली दिल्याची पोच. भिंतीला खिळा ठोकल्याचे पाच हजार मागतात ते याच पुराव्याअभावी.

सातवं पोटकलम जरा कडू आहे. हिंदी प्रतीत त्याला ‘समपहरण’ म्हटलंय, वकिली करून बारा वर्षं झाली तरी तो शब्द माझ्या तोंडात बसत नाही. साधा अर्थ असा की भाडेकरूच्या चुकीमुळे पट्टा रद्द होणं. पण कोणत्याही चुकीमुळे नाही. करारात अट हवी, ती मोडल्यास मालक ताबा परत घेऊ शकेल असं त्याच करारात लिहिलेलं हवं आणि पट्टा संपवत असल्याची लेखी नोटीस हवी. तिन्ही हवंत. ‘रात्री दहानंतर आला’, ‘मटण शिजवलं’, ‘मित्र झोपायला आणला’, हे घरमालकाला आवडलं नाही म्हणून पट्टा रद्द होत नाही. करारात तशी अट घालून ठेवली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ‘केवळ शाकाहारी’ ही ओळ करारात का घालतात, याचा विचार करा. ती ताटाबद्दलची अट नसते, ते दारावरचं गाळणं असतं. आणि आत आल्यावर तीच ओळ तुमच्याविरुद्ध हत्यार होते.

भाडं थकल्यामुळे पट्टा रद्द करायला मालक कोर्टात गेला, तर कलम ११४ तुमच्या बाजूनं उभं राहतं. सुनावणीच्या वेळी थकलेलं भाडं, व्याज आणि खर्च भरलात तर न्यायाधीश तुमचा पट्टा वाचवू शकतात. ‘शकतात’ म्हटलं, ‘वाचवतीलच’ नाही. आणि चूक कळल्यावरही, दावा लावण्याआधी, त्यानं नंतरचं भाडं घेतलं तर ती चूक त्यानं माफ केली असं कलम ११२ धरतं.

याच पोटकलमात एक सापळाही आहे. भाडेकरूनं ‘हे घर तुझं नाहीच’ असं म्हणून स्वतःचा किंवा तिसऱ्याचा मालकी हक्क पुढे केला, तर तेवढ्या कारणानंही मालक नोटीस देऊन पट्टा रद्द करू शकतो. भावाभावांच्या भांडणात एक भाऊ येऊन सांगतो, ‘भाडं मला दे, घर माझं आहे.’ आपली पोरं लगेच मोठ्या भावाला मेसेज टाकतात, ‘घर तुमचं नाही असं कळलं.’ असं लिहू नका. ज्याच्याकडून किल्ली घेतली त्याला भाडं देत राहा आणि वाद कोर्टात मिटू द्या.

शेवटचं पोटकलम म्हणजे नोटीस. मी सुरुवात जिथून केली ते. महिना-महिना राहणाऱ्याला पंधरा दिवस; शेती किंवा कारखान्यासाठीच्या पट्ट्याला सहा महिने. करारात वेगळी मुदत असेल तर ती चालेल. नोटीस लेखी हवी, सही हवी. टपालानं, हातात, घरच्यांपैकी किंवा नोकरापैकी कोणाच्या हाती, आणि तेही जमलं नाही तर दाराला चिकटवून. दिवस मोजायचे ते ती मिळाल्यापासून. पूर्वी नोटिशीत एक दिवस इकडचा तिकडे झाला तर ती बाद व्हायची आणि वकील त्यावर पोट भरायचे. ३१ डिसेंबर २००२ च्या दुरुस्तीनं तो मार्ग बराच बंद केला. आता नोटिशीत मुदत कमी लिहिली असली तरी दावा पंधरा दिवस उलटल्यावर लावला असेल तर चालतो. आणि नोटिशीनंतर त्यानं एखाद्या महिन्याचं भाडं घेतलं, एवढ्यानं नोटीस संपली असंही समजू नका. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली ते स्पष्ट केलंय. तोंडी ‘परवापर्यंत निघा’ मात्र कलम १०६ च्या कोणत्याच खणात बसत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर या कायद्याचं खरं दुखणं बोलते. कलम १०६ ‘किती दिवस’ विचारतं, ‘का’ विचारत नाही. भाडे नियंत्रण कायदा ‘का’ विचारायचा. तुम्ही भिंतीवर कोणाचा फोटो लावला म्हणून नोटीस आली की भाचा खरंच येणार आहे म्हणून, हे १८८२ च्या कायद्याला कळतच नाही. त्यानं पंधरा दिवस नीट मोजून दिले की जात त्या कागदावर कुठेच उमटत नाही. उलट दिल्लीच्या कोर्टात भाडं साडेतीन हजारांवर, नातं कबूल, नोटीस मिळाल्याचं कबूल, एवढं तुमच्या लेखी जबाबात आलं की त्या कबुलीवरच ताब्याचा हुकूमनामा निघतो. साक्षीपुरावाही नाही. म्हणून ‘कोर्टात खेचू’ म्हणून वर्षभर बसून राहायचा सल्ला मी देत नाही. मधल्या काळाची भरपाई बाजारभावानं लागते.

मग ‘का’ विचारणारा कायदा कुठला? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. त्याचं कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहायला घर घेण्यात किंवा त्यात राहण्यात आडकाठी करणं हा गुन्हा आहे. सत्तर वर्षं हे कलम पुस्तकात आहे, आणि आपण समजतो की तो कायदा फक्त विहिरी आणि देवळांपुरता आहे. दुसरा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम ३ मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला तिच्या जमिनीतून किंवा जागेतून गैररीत्या काढणं, तिच्या तिथल्या हक्कांच्या उपभोगात अडथळा आणणं, हा गुन्हा आहे. आणि ‘गैररीत्या’ म्हणजे मर्जीविरुद्ध, संमतीशिवाय, किंवा भीती घालून मिळवलेल्या संमतीनं, असं तिथंच लिहिलंय. मुलं मला विचारतात, आपला दाखला महाराष्ट्राचा, दिल्लीत चालेल का? या कायद्याच्या संरक्षणापुरतं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२३ साली सांगितलं की राज्य बदललं म्हणून ते संपत नाही. दिल्लीच्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही, पण तो दाखवता येतो. पुरावा लागेल. तो निघतो मेसेजमध्ये, ब्रोकरच्या फोनमध्ये, ‘आप लोग कौन हो’ या प्रश्नाच्या तारखेत आणि नोटिशीच्या तारखेत. म्हणून तारखा लिहून ठेवा. आपले मुस्लिम मित्र आणि ओबीसी भटक्या जमातींमधली मुलंही हाच प्रश्न ऐकतात, आणि त्यांना हा दुसरा कायदा उपयोगी पडत नाही. त्यांच्या बाजूनं आपण साक्षीला उभं राहायचं.

तुमच्यापैकी जे पुण्यातून आलेत त्यांच्यासाठी दोन शब्द. महाराष्ट्रात तुम्ही सही करता तो बहुतेक वेळा पट्टा नसतोच, ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतं. म्हणजे जागेत हक्क नाही, फक्त राहण्याची परवानगी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर शिक्षा त्याला, आणि अटींबाबत तुमचं म्हणणं आधी धरलं जातं. मात्र मुदत संपल्यावर राहिलात तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे तुमची केस लवकर निकाली निघते आणि भरपाई दुप्पट दरानं. नोएडात राहणाऱ्यांना उत्तर प्रदेशचा २०२१ चा वेगळा कायदा आहे. एका राज्याचं ज्ञान दुसऱ्या राज्यात तसंच वापरू नका.

कागदावर ‘लायसन्स’ लिहिलं म्हणून ते लायसन्स होतंच असंही नाही. १९५९ साली याच दिल्लीतल्या इंपीरियल हॉटेलमधल्या एका केशकर्तनालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नाव बघू नका, जागेवर एकट्याचा ताबा होता का, पक्षांचा हेतू काय होता, ते बघा. आणि नुसती परवानगी असली तरी ती काढून घेतल्यावर निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, असं १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याचं कलम ६३ सांगतं.

हे कलम वाचताना मला दर वेळी बडोदा आठवतं. १९१७. बाबासाहेब पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले, रोजचं भाडं देत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली. संध्याकाळच्या आत निघ, असं उत्तर मिळालं. मुंबईच्या गाडीची वाट बघत ते कमाठी बागेत बसून राहिले. बडोदा संस्थान होतं, तिथं तेव्हा कोणता कायदा चालायचा त्या तपशिलात मी शिरत नाही. पण कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस एका खोलीत वाजवी वेळ मागत होता. वीस वर्षांनी, १७ सप्टेंबर १९३७ ला त्याच माणसानं मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या कुळाला खोताच्या मर्जीवर उठावं लागू नये म्हणून. शेतीचे पट्टे आज मी सांगितलेल्या कलमांत येत नाहीत, त्यांचे कुळकायदे वेगळे. पण तिथंही शेवटी ज्याचं नाव कागदावर कूळ म्हणून होतं त्याला जमीन मिळाली. मजूर म्हणून राबणाऱ्यांचं, म्हणजे आपल्या बहुतेकांच्या आजोबांचं, नाव कुठं नव्हतं.

आता ते कुलूप. पट्टा संपला, मुदत संपली, नोटीस संपली, सगळं संपलं असं धरा. तरीही मालक तुम्हाला हाताला धरून बाहेर काढू शकत नाही, वीज-पाणी तोडू शकत नाही, कुलूप बदलू शकत नाही. १९८९ साली एका उपाहारगृहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की स्थिरावलेला ताबा असलेल्या माणसाला, त्याचा हक्क उरला नसला तरी, कायद्याच्या मार्गानंच काढावं लागतं. आणि काढलंच, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ६. ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. मालकी कोणाची हा प्रश्नच तिथं येत नाही, ‘तुम्ही आत होता आणि कायद्याशिवाय काढलं’ एवढंच दाखवायचं. सरकारविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही, सरकारी वसतिगृहवाल्यांनी ध्यानात घ्या. आणि ज्यांचे आईवडील कोणाच्या बंगल्यावर राखणदार म्हणून मागच्या खोलीत राहतात, त्यांनी हेही: गोव्याच्या एका खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राखणदाराचा, नोकराचा ताबा हा मालकाचाच ताबा, कितीही वर्षं राहिलात तरी हक्क येत नाही. वडिलांना खोटी आशा देऊ नका. पगार आणि कामाचा कागद मागा.

वकिलाला पैसे नाहीत, हे मला रोज ऐकू येतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. तिथला वकील तरुण असेल, घाईत असेल, तुमची फाइल नीट वाचणार नाही. म्हणून कागद तुम्ही लावून न्या, तारखांप्रमाणे.

गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. तीच गोष्ट: परवापर्यंत निघा. तिनं घरमालकाला लिहून पाठवलं की कलम १०६ प्रमाणे लेखी नोटीस द्या, पंधरा दिवसांनी मी जाते. तो आधी ओरडला, मग नोटीस दिली. ती सोळाव्या दिवशी गेली, डिपॉझिट घेऊन, किल्लीची पोच घेऊन. घर तिला तिथं मिळालं नाहीच. पण त्या पंधरा दिवसांत तिची परीक्षा झाली आणि दुसरी खोली तिनं शोधली. मी तिला विचारलं, तो फोटो भिंतीवरून काढलास का? ‘शेवटच्या दिवशी,’ म्हणाली, ‘बॅगेत सगळ्यात वर ठेवायला.’

माझा वेळ संपला. करार सोबत आणायला सांगितलं होतं, बऱ्याच जणांनी आणलेत असं दिसतंय. मागच्या रांगेतली ती ताई मघापासून कागद हातात धरून बसली आहे. ताई, पुढे या, आधी तुमचा वाचू.